कापलेली पट्टी

परवा सकाळी पेपरात, आतल्या पानावर, चार ओळींची बातमी होती. एका औषधाचा एक बॅच कंपनीने बाजारातून परत मागवला. कारण : लेबलवरील त्रुटी. खाली बॅच नंबर. औषधाचं नाव ओळखीचं होतं. दर महिन्याला आईसाठी मेडिकलमध्ये मी तेच नाव सांगतो.

उठलो आणि आईचा औषधांचा डबा काढला. श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात पट्ट्यांचे तुकडे. एक सहा गोळ्यांचा, एक चार गोळ्यांचा, एकात एकच गोळी उरलेली. तिन्ही कात्रीने कापलेले. एकावर औषधाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं, दुसऱ्यावर कंपनीचा अर्धा पत्ता, तिसऱ्यावर किंमत. बॅच नंबर कशावरच नाही. तो पट्टीच्या ज्या टोकाला छापलेला असतो ते टोक दुकानात राहिलं, नाहीतर माझ्यामागून आलेल्या कुणाच्या तरी पिशवीत गेलं. बिल मी घेतलं नव्हतं.

आई विचारत होती, "मग आजची गोळी घेऊ का नको?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून आजचं सदर या एका प्रश्नासाठी.

आधी तो शब्द बघू. त्रुटी. लेबलवरची त्रुटी म्हटलं की डोळ्यांसमोर शाई फिसकटलेला कागद येतो. औषध चांगलंच आहे, वरची चिठ्ठी तेवढी चुकली, असं आपण मनाशी म्हणतो आणि पान उलटतो. हा समज घातक आहे. भाजी हातात घेतली की ताजी की शिळी ते कळतं. दूध नासलं तर नाकाला कळतं. गोळीचं काही कळत नाही. पांढरी, गोल, मधोमध एक रेघ, अशा हजारो गोळ्या बाजारात आहेत. ती कसली आहे, किती ताकदीची आहे, कुणी घ्यायची, कधीपर्यंत चालेल, हे सगळं फक्त चिठ्ठीला ठाऊक असतं. ती चुकली की औषधच चुकलं.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एका औषधविक्रेत्याने झेनझेडी या गोळ्यांची बाटली उघडली. नार्कोलेप्सी नावाच्या आजारात दिवसाढवळ्या, बोलता बोलता, अनावर झोप येते. त्या रुग्णांना जागं ठेवणारं हे औषध. बाटलीत निघाल्या कार्बिनॉक्सामिनच्या गोळ्या. हे ॲलर्जीवरचं औषध, आणि त्याने गुंगी येते. झोपेशी झगडणाऱ्या माणसाच्या हातात गुंगी आणणारी गोळी, आणि बाटलीवर नाव जागं ठेवणाऱ्या औषधाचं! ती घेऊन तो गाडी चालवायला बसला असता तर? ॲझ्युरिटी कंपनीने तो अख्खा लॉट, म्हणजे बॅच, परत मागवला. हा घोळ उघडकीला आला तो काउंटरमागच्या एका माणसाने बाटलीत नीट पाहिलं म्हणून. कारखान्याच्या सगळ्या तपासण्या ओलांडून ती बाटली तिथवर आली होती.

ऑगस्ट २०१८ मध्ये ॲकॉर्ड कंपनीने हायड्रोक्लोरोथायझाइडचा एक लॉट परत मागवला. त्यातल्या एका बाटलीत शंभरच्या शंभर गोळ्या स्पायरोनोलॅक्टोनच्या निघाल्या. दोन्ही औषधं लघवी वाढवणारी, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटावं की फारसं बिघडलं नाही. पण पहिलं औषध शरीरातलं पोटॅशियम बाहेर टाकतं आणि दुसरं ते आत धरून ठेवतं. ज्याचं पोटॅशियम आधीच वाढलेलं आहे त्याच्या हृदयाचा ठोका एवढ्याने बिघडू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये आव्हकेअरने दोन औषधं एकदम परत मागवली : नैराश्यावरचं ट्रॅझोडोन आणि पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरचं सिल्डेनाफिल. बाटल्या भरताना दोघांची सरमिसळ झाली होती. आणि २०२२ मध्ये मायलनने दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचा बॅच परत मागवला, कारण काही कुप्यांवर लेबलच नव्हतं. ज्याच्या फ्रिजमध्ये दोन तऱ्हेचं इन्सुलिन शेजारी शेजारी असतं, एक चटकन उतरणारं आणि एक दिवसभर पुरणारं, त्याने त्या कोऱ्या कुपीचं काय करायचं?

या सगळ्यांचं वर्णन कागदोपत्री एकाच गटात बसतं. लेबल आणि वेष्टनातली चूक.

आता आपल्या अंगणात येऊ. फेब्रुवारी २०१२. मुंबईच्या ग्लेनमार्कच्या अमेरिकी शाखेने गर्भनिरोधक गोळ्यांचे सात लॉट परत मागवले. मे २०१७ मध्ये मुंबईच्याच ल्युपिनच्या अमेरिकी शाखेवर 'मिबेलास २४ एफई' या गोळ्यांचा एक लॉट परत मागवायची पाळी आली. दोन्हीकडे दोष जवळपास तोच : कार्डात बसवताना गोळ्यांचं पाकीट उलटं, म्हणजे १८० अंशांत फिरलेलं.

एवढंच? हो, एवढंच. आता याचा अर्थ पाहा. मिबेलासच्या अठ्ठावीस गोळ्यांत चोवीस औषधाच्या असतात आणि शेवटच्या चार नुसत्या सवय मोडू नये म्हणून, संप्रेरक नसलेल्या. पाकीट उलटं बसलं की त्या चार सुरुवातीला येतात. बाई पहिल्या दिवशी पहिल्या जागेवरची गोळी घेते, दुसऱ्या दिवशी दुसरी. एकही दिवस चुकवत नाही. आणि पहिले चार दिवस ती काहीच न घेतल्यासारखी असते. शिवाय पाकीट फिरल्यामुळे लॉट नंबर आणि मुदतीची तारीखही जागेवर दिसेनाशी झाली होती. म्हणजे चूक ज्या खुणेवरून ओळखायची ती खूणच झाकली गेली.

मला त्या बाईचा विचार सोडवत नाही. तिने सगळं बरोबर केलं. डॉक्टरांना विचारलं, वेळ पाळली, छापलेल्या क्रमाने गोळ्या घेतल्या. तरी दिवस राहिले, तर घरात पहिला प्रश्न तिलाच विचारला जाणार : विसरलीस का? ती स्वतःलाही तोच विचारणार. २०११ मध्ये क्वालिटेस्ट या अमेरिकी कंपनीच्या गोळ्यांत हाच उलटं पाकीट बसवल्याचा दोष निघाला, तेव्हा पुढे शंभरावर स्त्रिया कोर्टात गेल्या. पोर जन्माला येणं न येणं हा ज्यांच्या आयुष्याचा सवाल आहे त्यांच्यासमोर 'वेष्टनातील त्रुटी' हा शब्द ठेवून बघा. तो टिकत नाही.

आता थोडं मागे जायला हवं, कारण औषध परत मागवणं म्हणजे काय हे जगाला एका गोष्टीने शिकवलं आणि आपण ती विसरत चाललो आहोत.

१९३७ साल. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावची एस. ई. मॅसेंगिल कंपनी. सल्फानिलामाइड हे तेव्हाचं नवं, गुणकारी औषध. गोळ्या आणि भुकटी मिळत होती, लोकांना पातळ औषध हवं होतं. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायएथिलीन ग्लायकॉल नावाच्या द्रवात विरघळवलं. चव पाहिली, वास पाहिला, रंग पाहिला. विषारी आहे का, ते पाहिलं नाही. कायद्याने ते पाहायची सक्तीही नव्हती. बाटल्यांवर नाव छापलं : एलिक्झिर सल्फानिलामाइड. शंभराहून जास्त माणसं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांत घसा दुखतो म्हणून औषध पाजलेली कितीतरी पोरं होती.

सरकारला त्या बाटल्या जप्त करायच्या होत्या. कोणत्या कायद्याने? हातात १९०६ चा कायदा होता. विषारी औषध विकलं, हा त्यात गुन्हाच नव्हता. गुन्हा एकच सापडला. 'एलिक्झिर' या नावाचा अर्थ अल्कोहोल असलेलं औषध, आणि यात अल्कोहोल नव्हतं. म्हणजे लेबल खोटं. त्या एका शब्दाच्या आधाराने सरकार बाटल्यांमागे धावलं. कंपनीने त्याला एलिक्झिर न म्हणता नुसतं द्रावण म्हटलं असतं, तर सरकारला हात चोळत बसावं लागलं असतं. शेवटी कंपनीला दंड झाला २६,१०० डॉलर, तोही चुकीच्या लेबलाबद्दल.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. कंपनीने दुकानदार, डॉक्टर आणि आपल्या विक्री प्रतिनिधींना हजारावर तारा पाठवल्या. मजकूर एवढाच, की माल परत करा. का, ते नाही. जिवाला धोका आहे हे नाही. तार वाचणाऱ्याला वाटलं, हिशेबाचा काहीतरी घोळ असेल, पाठवू सावकाश. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला दुसऱ्यांदा तारा करायला लावल्या, यावेळी धोका स्पष्ट सांगून. आणि खात्याचे जवळपास सगळेच्या सगळे, २३९ निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ, कामाला जुंपले. दुकानांतल्या चिठ्ठ्या चाळल्या, गिऱ्हाइकांची अर्धवट नावं शोधली, दारं ठोठावली. तीन वर्षांच्या एका पोराचं कुटुंब औषध घेऊन डोंगराळ मुलखात राहायला गेलं होतं. त्याला शोधायला मदत व्हावी म्हणून एका डॉक्टरने स्वतःचं लग्न पुढे ढकललं. २४० गॅलन औषध तयार झालं होतं. त्यातलं २३४ गॅलन आणि एक पाइंट परत आलं. उरलेल्या सहा गॅलनांच्या आतबाहेर जे काही होतं, त्याने शंभरावर जीव घेतले.

पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेत नवा कायदा झाला : विकायच्या आधी औषध सुरक्षित आहे हे दाखवा.

त्या द्रवाने आपल्यालाही सोडलं नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून जे पाजलं गेलं त्यात हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्यातलं एकेक पान उघडं केलं. वीस वर्षांनी, २००६ मध्ये, पनामात खोकल्याच्या सरकारी औषधात तेच सापडलं. पिंपांवरचं नाव वाटेत बदलत बदलत आलं होतं. हात बदलले, कागद बदलले आणि शेवटी 'ग्लिसरीन' एवढंच उरलं.

त्याच पनामात मे २००७ मध्ये एका साध्या माणसाच्या हाती दुकानात टूथपेस्टची ट्यूब आली. ट्यूबवर बारीक अक्षरात घटक छापले होते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल. आदल्या वर्षीचे मृत्यू त्याच्या लक्षात होते. तो ती ट्यूब घेऊन सरकारी कचेरीत गेला. त्यातून जी चौकशी सुरू झाली ती देशोदेशी पसरली आणि ठिकठिकाणच्या दुकानांतून तसल्या ट्यूबा उतरवाव्या लागल्या. माल वाईटच होता. पण लेबल खरं होतं, आणि एका माणसाने ते वाचलं.

म्हणून लेबलला मी कागद म्हणत नाही.

आता परत न मागवलेल्या मालाची एक गोष्ट. सप्टेंबर २००६, इंडियानापोलिसचं मेथडिस्ट रुग्णालय. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या शिरेतली नळी तुंबू नये म्हणून हेपॅरिनचं अगदी सौम्य द्रावण देतात, मिलिलिटरला १० युनिट. मोठ्या माणसांसाठीच्या कुपीत १०,००० युनिट असतात. दोन्ही कुप्या एकाच कंपनीच्या, बॅक्स्टरच्या. आकार तोच, लेबलं दोन्ही निळी. एक फिकट, एक गडद. कपाटात चुकीची कुपी ठेवली गेली, आणि पुढच्या हातांनी निळा रंग बघून ती उचलली. सहा बाळांना हजारपट औषध गेलं. तीन दगावली.

कंपनीने काय केलं? फेब्रुवारी २००७ मध्ये रुग्णालयांना सावधगिरीचं पत्र पाठवलं. ऑक्टोबरमध्ये मोठ्यांच्या कुपीला नवं लेबल लावलं. म्हणजे जुनं लेबल घोटाळ्याचं आहे हे मनोमन मान्य होतं. पण जुन्या लेबलाच्या ज्या कुप्या रुग्णालयांच्या कपाटांत होत्या त्या परत मागवल्या नाहीत. नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात अभिनेता डेनिस क्वेड यांची काही दिवसांची जुळी होती. तोच गोंधळ झाला. तेच हजारपट औषध, तेही एकदा नव्हे, दोनदा. नशिबाने दोन्ही बाळं वाचली. क्वेड यांनी मे २००८ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे जाऊन हे सगळं सांगितलं. नर्सने वाचायला हवं होतं, हे खरंच. पण नवं लेबल छापायची बुद्धी होते आणि जुनं परत आणायची होत नाही, याला मी चूक म्हणणार नाही. तो निर्णय होता.

आपल्याकडे कायदा आहे आणि तो लेबलला हलकं लेखत नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचं १७ वं कलम खास यासाठी आहे : ठरवून दिल्याप्रमाणे लेबल नसेल किंवा लेबलवर खोटा दावा असेल, तर ते औषध मिसब्रँडेड. शिक्षेचंही कलम आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्या कलमाखालचे गुन्हे पैसे भरून मिटवायची वाट करून दिली, आणि मला ते मान्य नाही. औषध परत कसं मागवायचं याची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१२ पासून आहेत. धोक्यानुसार तीन वर्ग केले आहेत आणि सगळ्यात गंभीर वर्गातला माल जास्तीत जास्त बहात्तर तासांत बाजारातून उचलायचा, असं त्यात आहे. कागद चांगला आहे.

पण माल उचलायचा कुठून? कंपनीचा निरोप डेपोला जातो, डेपोतून स्टॉकिस्टला, स्टॉकिस्टकडून मेडिकलला. मेडिकलवाला फळीवरची उरलेली खोकी काढून परत पाठवतो, त्याला क्रेडिट नोट मिळते, साखळी पूर्ण झाली. जी गोळी काल काउंटर ओलांडून गेली तिचा हिशेब कुठल्याच रकान्यात नाही. ती श्रीखंडाच्या डब्यात आहे.

केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला नापास बॅचची यादी संकेतस्थळावर टाकते. इंग्रजीत, तक्त्यात. कोल्हापूरच्या, परभणीच्या, सावंतवाडीच्या कुणा आजीने ती उघडून आपल्या पट्टीशी ताडून पाहायची, अशी अपेक्षा आहे का? १ ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. मोबाइल धरला की औषधाचं नाव, कारखाना, बॅच, मुदत सगळं दिसतं. चांगलं पाऊल आहे, मनापासून सांगतो. पण पट्टीवर जागा नसेल तर तो कोड खोक्यावर छापला तरी कायद्याला चालतो, आणि खोकं आपल्या घरी येतं कधी? आपल्या घरी येतो पट्टीचा तुकडा.

तुकडा का येतो हेही समजून घ्यायला हवं. महिन्याच्या पंचवीस तारखेला माणूस पाच दिवसांच्याच गोळ्या घेतो, कारण खिशात तेवढेच पैसे असतात. मेडिकलवाला कापून देतो ते त्याच्यावर उपकार म्हणूनच. मी त्या कात्रीवर रागावलेलो नाही. माझा राग पट्टी छापणाऱ्यावर आहे. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर जागा सापडते, मग प्रत्येक गोळीच्या मागे बॅच आणि मुदत छापायला जागा नाही हे मी का मानावं?

थोडं घरचंच सांगतो. माझे मामा इन्सुलिन घेतात. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, आणि त्यासाठीची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. एकदा दुकानातून नारिंगी टोपणाच्या आल्या. लाल आणि नारिंगी, संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये किती फरक दिसणार? मामा रोज वीसच्या रेघेपर्यंत ओढत राहिले आणि अंगात जात राहिली फक्त आठ युनिट. तीन आठवडे साखर चढलेली. डॉक्टर म्हणाले पथ्य मोडताय. घरात सगळ्यांनी मामीला धरलं, तूच लाड करतेस, लपवून गोड देतेस. ती रडायची आणि पुन्हा तीच सिरिंज धुऊन पुसलेल्या ताटलीत आणून ठेवायची. शेवटी रक्त घ्यायला घरी आलेल्या मुलीने टोपण बघितलं. उलटं झालं असतं, म्हणजे १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं असतं, तर वीसच्या रेघेला पन्नास युनिट गेली असती, आणि मामा कदाचित उरलेच नसते. सिरिंजच्या पुडीवर सगळं छापलेलं होतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

त्या प्रसंगापासून मला 'रुग्णाने लेबल नीट वाचावे' हा उपदेश सहन होत नाही. वाचता येईल असं लिहा, मग वाचायला सांगा. मामी सातवी शिकलेली आहे, ज्ञानेश्वरी वाचते. तिला वाचता येत नाही असं नाही.

आणि परत मागवतानाचा निरोपही तसाच हवा. १९३७ ची दुसरी तार आठवा. माल परत करा एवढं पुरत नाही. का, आणि तोवर काय करायचं, हे सांगावं लागतं. अमेरिकी कंपन्यांच्या निवेदनांत हमखास येणारे शब्द आहेत : स्वेच्छेने, खबरदारीचा उपाय म्हणून. आपल्या निवेदनांनीही तीच भाषा उचलली आहे. या शब्दांनी माणूस निवांत होतो, आणि त्या क्षणी त्याने निवांत व्हायचं नसतं. त्याला दोन वाक्यं हवी असतात. ही गोळी थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. किंवा, गोळी अचानक थांबवू नका, चालू ठेवा आणि पट्टी बदलून घ्या. रक्तदाबाची, फिटची, हृदयाची कितीतरी औषधं एकदम बंद केली तरच जास्त अपाय होतो. म्हणजे अर्धवट निरोप कधी कधी चुकीच्या लेबलाइतकाच धोक्याचा ठरतो.

निरोप पोचवायला साधन नाही, असं कुणी म्हणू नये. आईचा मोबाइल नंबर त्या मेडिकलच्या संगणकात आहे. दिवाळीला शुभेच्छा येतात. पंचवीस तारीख जवळ आली की 'आपली औषधे संपत आली असतील' असा मेसेज येतो, मराठीत, नावानिशी, औषधाच्या नावासकट. विकायचं असतं तेव्हा तिचा ठावठिकाणा अचूक माहीत असतो. १९३७ साली माणसं डोंगरात पोर शोधत गेली. इथे एक बटण दाबायचं आहे.

त्या दिवशी मी आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आईला त्याच औषधाची नवी पट्टी आणून त्यातली गोळी द्यायला सांगितली, खंड पडू देऊ नका म्हणाले. मग मेडिकलमध्ये गेलो. मालक भला माणूस आहे. त्याला स्टॉकिस्टकडून अजून काही कळलं नव्हतं. बातमी मीच मोबाइलवर दाखवली. त्याने संगणक उघडला. त्या महिन्यात त्या औषधाचे दोन बॅच दुकानात आले होते, एक बातमीतला, एक दुसरा. मला कुठला गेला ते बिल नसल्यामुळे सांगता येईना. त्याने फळीवरची पाकिटं काढून बाजूला ठेवली आणि मला तिसऱ्याच बॅचची अख्खी पट्टी दिली. बिल न मागता फाडलं.

"बिल किती जण नेतात?" मी विचारलं.

"दहातला एखादा," तो म्हणाला. "आणि सुट्या गोळ्यांचं तर कुणीच नाही."

आईने घरी आल्यावर चष्मा लावला, पट्टी उजेडात धरली आणि बॅच नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचत कालनिर्णयवर उतरवला, दुधाच्या हिशेबाच्या चौकटीत. 'दूध १ लि.' आणि त्याखाली तो नंबर. आता दर पट्टीचा लिहिणार आहे म्हणते.

डब्यातले जुने तीन तुकडे मी एका पाकिटात घालून वर तारीख टाकून ठेवले आहेत. अकरा गोळ्या आहेत. त्या कुणाला परत द्यायच्या, हे मेडिकलवाल्यालाही माहीत नव्हतं.